घरांतील दिव्याखालीं वांकलेलें रोप

पुणें शहरांत राहणाऱ्या आपल्या कित्येक बंधुभगिनींना अंगण नाहीं. तिसऱ्या-चौथ्या मजल्यावरील दोन खोल्या आणि फार तर हातभर रुंदीचा सज्जा, एवढीच त्यांची जमीन. तरी खेड्यांतून आलेल्या माणसाचा हात मातीवांचून राहत नाहीं. म्हणून ते टोमॅटो, मिरची, वांगीं ह्यांचें बीं खोलींतच पेरितात, जवळ विजेचा दिवा लावितात, आणि रोपें तयार झालीं म्हणजे सज्ज्यांतील कुंड्यांत लावितात किंवा गांवीं घेऊन जातात. खेड्यांतही ऊन, गारा व शेळ्या ह्यांपासून बचाव व्हावा म्हणून पुष्कळ जण पडवींत रोपें करितात. आठ-दहा दिवस सर्व ठीक चालतें. मग एके सकाळीं दिसतें कीं, सगळीं रोपें एकाच बाजूस झुकलीं आहेत, देंठ लांब व पांढुरके झाले आहेत, आणि पानांचा भार त्यांना सोसवत नाहीं. अशा वेळीं कोणी सर्व रोपें उपटून टाकितो, तर कोणी अधिक पाणी घालतो. दोन्ही उपाय चुकीचे असून दुसरा अधिक घातक आहे, असें आमचें मत आहे. मिरचीचें रोप लागवडीला येण्यास सुमारें सहा आठवडे लागतात; तें फेंकलें, तर हंगामाचे तितके दिवस गेले.

रोप कां वांकतें? पुष्कळांची समजूत अशी कीं, उजेडाकडील बाजू आंखडते. वस्तुतः अंधाराकडील बाजू अधिक लांब वाढते, आणि त्यामुळें शेंडा उजेडाकडे ढकलला जातो. चार्लस डार्विन व त्यांचे पुत्र फ्रान्सिस ह्यांनीं गवताच्या कोवळ्या अंकुरांवर केलेले प्रयोग इ. स. १८८० मध्यें प्रसिद्ध झाले. अंकुराच्या टोंकाला टोपी घातली तर तो वांकत नाहीं. टोंक मोकळें ठेवून खालचा भाग झांकला तर वांकतो. म्हणजे उजेड ओळखतें टोंक, आणि वांकतो त्याच्या खालचा भाग. तेव्हां टोंकाकडून खालीं कांहीं निरोप जात असला पाहिजे. हा निरोप म्हणजे एक द्रव्यच होय, हें पुढें इ. स. १९२८ च्या सुमारास हॉलंडांतील फ्रिट्स वेंट ह्यांनीं दाखविलें. त्याला ऑक्सिन म्हणतात. उजेड एका बाजूनें आला कीं तें सांवलीच्या बाजूस अधिक सांचतें व तेथील पेशी लांबतात.

ही शास्त्राची गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी, कारण उपायाची मर्यादा तिच्यावरूनच कळते. जो भाग अजून वाढत आहे तोच सरळ होऊं शकतो. खालचा जून झालेला देंठ एकदां वांकला तो वांकलाच. हातानें सरळ करूं गेल्यास तो मोडतो.

वांकणें व उंच होऊन पिवळें पडणें हे दोन निरनिराळे प्रकार आहेत, जरी ते बहुधा बरोबरच येतात. नवरात्रांत शेजारच्या घरीं घटाभोंवतीं पेरलेलें धान्य आपण पाहिलेंच असेल. काळोख्या कोपऱ्यांत तें नऊ दिवसांत वीतभर वाढतें, पण पिवळें राहतें. उजेड नसला म्हणजे पानांत हिरवें द्रव्य तयार होत नाहीं आणि रोप आपली सारी पुंजी उंची गांठण्यांत खर्चून टाकितें. खोलींतील रोपाची स्थिति थोडी बरी, इतकेंच. उघड्या दुपारीं उन्हाचा उजेड सुमारें एक लाख लक्स असतो. रात्रीं दिवा लावलेल्या खोलींत तो बहुधा दोन-तीनशेंच असतो. आपला डोळा दोन्हींकडे निभावून नेतो, म्हणून माणसाला हा फरक जाणवत नाहीं.

पुण्याच्या घरांत आणखी एक अडचण आहे. डिसेंबरांत दुपारचा सूर्य दक्षिणेकडे बराच कललेला असतो, म्हणून दक्षिणेच्या सज्ज्यांत ऊन आंतपर्यंत येतें. मे महिन्याच्या मध्यास व पुन्हां जुलैच्या अखेरीस तो भर दुपारीं अगदीं डोक्यावर येतो. त्या दिवशीं उभ्या काठीची सांवली क्षणभर नाहींशी होते. अशा काळांत बाहेर डोळे दिपतात, पण छपराखालच्या सज्ज्यांत ऊन शिरत नाहीं. पुढें पावसाळी ढग येतात. म्हणजे ज्या दिवसांत खरीपाचीं रोपें करावयाचीं, त्याच दिवसांत घरांत उजेड कमी. धाब्याच्या घरांत राहणाऱ्यांस एक गोष्ट ठाऊक असते: सवण्याखालीं ठेवलेलें रोप सरळ वाढतें, खिडकीजवळचें वांकतें. सगळी युक्ति ह्यांतच आहे. उजेड वरून यावा.

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेंत ऊतिसंवर्धनाचें काम झालें, त्याची कीर्ति दूरवर गेली. तेथील नाडगौडा, पराशरामी व मस्करेन्हास ह्यांनीं बाटलींत वाढविलेल्या बांबूच्या कोवळ्या रोपांना फुलें आणलीं, व तें वृत्त इ. स. १९९० मध्यें ‘नेचर’ ह्या नियतकालिकांत छापून आलें. अशा प्रयोगशाळांत फळ्यांची मांडणी असून प्रत्येक फळीच्या वर नळीचे दिवे असतात. घरच्या दिव्याचीही मांडणी तशीच असावी. टेबलावरचा दिवा बाजूनें लावून ठेवणें हें खिडकीपेक्षां बरें नव्हे.

उपाय करण्यापूर्वीं देंठ मातीजवळ नीट पाहावा. तेथें तो पाण्यानें भिजल्यासारखा, तपकिरी व सुतासारखा बारीक झाला असेल, तर तें उजेडाचें वांकणें नसून मर रोग आहे. तें रोप वांचत नाहीं. तें काढून टाकावें, पाणी कमी करावें, वारा खेळूं द्यावा. नाहीं तर शेजारचीं रोपेंही जातील. वर आम्ही अधिक पाण्याला घातक म्हटलें तें ह्याचसाठीं. देंठ खालीं टणक व निरोगी असेल, तर मात्र रोपाची आशा सोडूं नये.

पांढऱ्या उजेडाची एल्‌ईडी नळी शेंड्यांच्या बरोबर वर, सुमारें एक वीत अंतरावर टांगावी, आणि रोपें वाढतील तशी ती उचलीत जावी. शेंड्याजवळ धरलेल्या हाताच्या पाठीला चटका जाणवला तर अंतर वाढवावें. दिवसांतून चौदा ते सोळा तास उजेड पुरे. रात्रीं दिवा बंद करावा. कोवळें रोप बहुधा एक-दोन दिवसांतच मान वर करितें. दिवा नसून केवळ खिडकी असेल, तर कुंडी रोज पाव फेरा फिरवावी व अंधाराच्या बाजूस पांढरा पुठ्ठा उभा करावा. दिवसांतून दोनदां कोरड्या पानांवरून तळहात हलकेच फिरविला तर देंठ आंखूड व जाड होतो. शेतांत हेंच काम वारा करितो.

फारच झुकलेल्या रोपाला बारीक काडीचा आधार द्यावा. सुती चिंधी किंवा केळीचें सोपट सैल बांधावें, कारण देंठ पुढें जाड होणार आहे. टोमॅटोला ह्याहून चांगला उपाय आहे. त्याच्या देंठाला मातींत मुळें फुटतात, म्हणून लांबलेलें रोप लावतांना पहिल्या पानांपर्यंत खोल पुरावें. पपईला मात्र हें करूं नये. तिचा बुंधा कुजतो.

सरळ झालेलीं रोपें एकदम उन्हांत नेऊं नयेत. दिव्याखालचें पान कोंवळें असतें व तें पहिल्याच दुपारीं करपतें. पहिल्या दिवशीं सकाळचें तासभर ऊन, मग रोज थोडें अधिक, असे सात ते दहा दिवस जाऊं द्यावे. मिरची व वांगें ह्यांच्या देंठाला खालीं बांक राहिलाच असेल, तर लावणीच्या वेळीं मुळांचा गोळा खड्ड्यांत किंचित तिरपा ठेवावा, म्हणजे वरचा भाग उभा येतो, आणि तो बांक मातीच्या भरीखालीं झांकला जातो.