कॉलेज बदलले तरी शिकलेले वाया जाऊ नये



दरवर्षी जून-जुलैत कॉलेजचे प्रवेश सुरू झाले की एक प्रश्न माझ्याकडे हमखास येतो : "ताई, एफवाय मी नंदुरबारला पास केलं. आता नाशिकला आलोय. परत पहिल्यापासून बसायचं का?" विचारणारी मुले बहुधा अक्कलकुवा, धडगावकडची. कोणाचे घर ऊसतोडीला गुजरातेत गेलेले, कोणी लग्न होऊन आलेली, कोणाला कामच शहरात लागलेले. यांतल्या बऱ्याच मुलांच्या फीला तुमच्या देणग्यांचा हातभार असतो. उत्तर न मिळाल्यामुळे त्यांचे एक अख्खे वर्ष बुडते आणि पुष्कळदा शिक्षणच सुटते. म्हणून हा विषय या अंकात सविस्तर पाहू.

क्रेडिट म्हणजे काय?

क्रेडिट किंवा श्रेयांक म्हणजे पूर्ण केलेल्या अभ्यासाचे माप. थिअरीचे साधारण १५ तास म्हणजे एक क्रेडिट. प्रात्यक्षिकाला त्याच्या दुप्पट तास लागतात. पदवीच्या एका वर्षाला ४० ते ४४ क्रेडिट्स असतात आणि तीन वर्षांच्या पदवीला १२० ते १३२. विषय पास झाला तरच त्याचे क्रेडिट मिळते. एटीकेटी घेऊन पुढच्या वर्गात बसलेल्या मुलाला राहिलेल्या विषयाचे क्रेडिट तो विषय सुटेपर्यंत मिळत नाही.

खाते मुलाचे, भरणा कॉलेजचा

ही क्रेडिट्स जमा ठेवण्यासाठी जुलै २०२१ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने, म्हणजे यूजीसीने, नियम काढून 'ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स' सुरू केली. डिजिलॉकरमधून विद्यार्थ्याचे खाते निघते. त्याला १२ अंकी अपार क्रमांक मिळतो. बचत गटाच्या पासबुकासारखेच हे, फक्त एक फरक आहे : विद्यार्थ्याला स्वतः काहीच जमा करता येत नाही. नोंद कॉलेज आणि विद्यापीठाकडूनच यावी लागते. खाते उघडले म्हणजे क्रेडिट्स आली, असे समजू नये.

२०२१-२२ पासून मिळवलेली क्रेडिट्सच यात धरली जातात आणि ती जास्तीत जास्त सात वर्षे चालतात. एका पदवीसाठी वापरली की खात्यातून वजा होतात.

नवे विद्यापीठ सगळे मान्य करते का?

नाही. नंदुरबारची कॉलेजे जळगावच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाशी जोडलेली आहेत आणि नाशिकची सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी. अंतर एका दिवसाच्या एसटीचे, पण अभ्यासक्रम वेगळा. कोणता विषय आपल्या विषयाशी जुळतो, हे नवे विद्यापीठ ठरवते. जुळला नाही तर तो नव्याने करावा लागतो. शिवाय ज्या संस्थेची पदवी घ्यायची, तिथे किमान ५० टक्के क्रेडिट्स मिळवावीच लागतात. म्हणून शेवटच्या वर्षी बदल करणे फार अवघड जाते. पहिल्या वर्षानंतर ते सोपे असते.

आणखी एक गोष्ट. क्रेडिट असणे म्हणजे प्रवेश मिळणे नव्हे. जागा रिकामी हवी, मुदतीत अर्ज हवा.

एक उदाहरण

आमच्या संपर्कातल्या एका मुलाचे दोन्ही सेमिस्टर पास होते. नाशिकला आल्यावर आम्ही त्याचे खाते उघडून पाहिले, तर दुसऱ्या सेमिस्टरची नोंदच नव्हती. आधारवर आडनाव 'वसावे' होते आणि कॉलेजच्या दप्तरी 'वसावा'. आधी नाव दुरुस्त केले, मग जुन्या कॉलेजला लेखी अर्ज दिला, पोच घेतली. दोन फेऱ्यांनंतर नोंद आली. नव्या कॉलेजने एक विषय सोडून बाकीचे धरले. तो एक विषय पुन्हा करत तो आज एसवायला आहे. खाते ऑक्टोबरात पाहिले असते, तर प्रवेशाची मुदत टळली असती.

गाव किंवा कॉलेज सोडण्याआधी

१. आधार, दहावी-बारावीची गुणपत्रिका आणि कॉलेजचे दप्तर यांत नाव एकच आहे ना, ते पाहा. लग्नानंतर नाव बदललेल्या मुलींनी हे आधी करावे.
२. अपार खात्यात प्रत्येक सेमिस्टरची क्रेडिट्स दिसतात का, ते तपासा. नसतील तर लेखी अर्ज द्या आणि पोच ठेवा.
३. मूळ गुणपत्रिका, कॉलेज सोडल्याचा दाखला, मायग्रेशन सर्टिफिकेट आणि शिकलेल्या विषयांच्या अभ्यासक्रमाची प्रत घ्या. मूळ कागद कॉलेजने अडवून ठेवू नयेत, अशी यूजीसीची २०१८ ची सूचना आहे.
४. नव्या कॉलेजला एकच प्रश्न विचारा : "माझे कोणकोणते विषय धरणार?" उत्तर लेखी मागा.
५. शिष्यवृत्तीचे काय होईल, हे आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात विचारल्याशिवाय जुना प्रवेश रद्द करू नका.

शिक्षण थांबवावेच लागले तर

नव्या रचनेत पहिले वर्ष पूर्ण करून, वर चार क्रेडिट्सचा व्यवसाय अभ्यासक्रम केला, तर प्रमाणपत्र मिळते; दोन वर्षांनंतर तसाच पदविका. तीन वर्षांच्या आत परत येता येते आणि एकूण सात वर्षांत पदवी पुरी करता येते. पण मार्चमध्ये परीक्षा न देता घरी निघून गेलेल्या मुलाला यातले काहीच मिळत नाही. म्हणून "जायचेच असेल तर सेमिस्टर संपवून जा," हे मी प्रत्येकाला सांगते.

मंडळीने काय करावे?

फी भरणे मोठी मदत आहे. पण यात पैशापेक्षा सोबत जास्त लागते. मंडळीतले शिक्षक, कारकून, मोबाइल चांगला चालवणारे तरुण यांनी महिन्यातून एका रविवारी उपासनेनंतर तासभर बसावे, मुलांची खाती उघडून पाहावीत, अर्ज लिहून द्यावेत. कॉलेजच्या खिडकीवर एकट्या मुलाला "उद्या ये" म्हणतात. बरोबर कोणी मोठे माणूस असले की कागद लवकर हलतो.

चर्चेसाठी प्रश्न

• आपल्या मंडळीच्या मदतीने शिकणाऱ्या किती मुलांचे अपार खाते आपण पाहिले आहे?
• गेल्या दोन वर्षांत कोणी मधेच शिक्षण सोडले? त्याची क्रेडिट्स अजून चालू असतील का?
• पुढच्या महिन्यात त्याच्या घरी कोण जाईल?