‘गिव्ह अप’ ह्या इंग्रजी शब्दजोडीचे अर्थ

(उपदेशकांसाठीं व इंग्रजी शिकणाऱ्या बंधुभगिनींसाठीं पाठ)

इंग्रजी भाषेंत क्रियापदास एखादें लहानसें अव्यय जोडिलें म्हणजे पुष्कळदां त्याचा अर्थ पार पालटतो. ‘गिव्ह’ म्हणजे देणें व ‘अप’ म्हणजे वर. परंतु ‘गिव्ह अप’ म्हणजे ‘वर देणें’ नव्हे. इंग्रजी पवित्र शास्त्र वाचणाऱ्यांस ही शब्दजोडी वारंवार भेटते, म्हणून तिचे मुख्य अर्थ येथें देतों.

पहिला अर्थ, संवय टाकून देणें. ‘ही गेव्ह अप ड्रिंकिंग’ म्हणजे त्यानें दारू सोडिली. येथें ‘ड्रिंकिंग’ हेंच रूप पाहिजे. ‘टु ड्रिंक’ चालत नाहीं. कर्म सर्वनाम असल्यास तें दोन शब्दांच्या मध्यें घालावें : ‘गिव्ह इट अप’, म्हणजे तें सोडून दे. ‘गिव्ह अप इट’ हें अशुद्ध होय.

दुसरा अर्थ, धीर सोडणें, हार खाणें. पुढें कर्म नसल्यास बहुधा हाच अर्थ घ्यावा. गलतीकरांस पत्र ६:९ येथें जेम्स राजाच्या वेळच्या, १६११ सालच्या इंग्रजी भाषांतरांत ‘फेंट’ हें क्रियापद आहे. २००१ सालीं निघालेल्या इंग्लिश स्टँडर्ड व्हर्शनमध्यें त्याच ठिकाणीं ‘गिव्ह अप’ आहे.

तिसरा अर्थ, स्वाधीन करणें. ‘ही गेव्ह हिमसेल्फ अप टु द पोलीस’ म्हणजे तो आपण होऊन पोलिसांच्या स्वाधीन झाला. रोमकरांस पत्र १:२४ व प्रकटीकरण २०:१३ येथें १६११ च्या भाषांतरांत हीच शब्दजोडी ह्या अर्थानें आली आहे.

चौथ्या प्रयोगाकडे उपदेशकांनीं विशेष लक्ष द्यावें. त्याच भाषांतरांत मार्क १५:३७ येथें प्रभूच्या मरणाविषयीं ‘गेव्ह अप द घोस्ट’ असे शब्द आहेत. आज ‘घोस्ट’ म्हणजे भूत. परंतु त्या काळीं त्याचा अर्थ आत्मा किंवा प्राण असाही होता, आणि म्हणूनच पवित्र आत्म्यास ‘होली घोस्ट’ म्हणत. मूळ ग्रीक क्रियापदाचा अर्थ ‘श्वास सोडणें’ असा आहे. तेव्हां ‘प्राण सोडला’ हेंच खरें भाषांतर. कोणी येथें ‘भूत’ म्हणेल, तर जेथें भुताखेतांचें भय अद्याप लोकांच्या मनांतून गेलें नाहीं तेथें श्रोते वधस्तंभावरील मरणाविषयीं भलतीच समजूत करून घेतील.

पांचवा प्रयोग ‘गिव्ह अप ऑन’, म्हणजे एखाद्याची आशा सोडणें. ‘दे गेव्ह अप ऑन हिम’ म्हणजे त्यांनीं त्याची आशा सोडिली. एका अव्ययानें केवढें अंतर पडलें पाहा! कोणी बंधु शपथ घेऊनही पुन्हां दारूकडे वळला, तर त्यानें दारू सोडावी असें आपण म्हणतों. परंतु पुष्कळदां आपण त्यालाच सोडून देतों. लूकच्या १५ व्या अध्यायांतील बापानें मुलाची आशा सोडिली नाहीं. पहिलें ‘गिव्ह अप’ त्या बंधूनें करावयाचें आहे. हें शेवटचें मंडळीनें कधीं करूं नये.

अभ्यास : पुढील वाक्यें मराठींत लिहा.
१. शी गेव्ह अप हर सीट टु अ ब्लाइंड मॅन.
२. टोबॅको इज हार्मफुल. गिव्ह इट अप.
३. द डॉक्टर्स गेव्ह अप ऑन हिम, बट हिज मदर डिड नॉट गिव्ह अप.