तबेल्यातला देव : खलपात्राच्या हेतूचा विचार

अद्भुत कथेत प्राणी बोलतात, झाडे चालतात. आपण ते सहज स्वीकारतो. मात्र खलपात्र एखादे कृत्य का करते, याचे उत्तर आपल्याला पटावे लागते. अशा वेळी दोन प्रश्न वेगळे ठेवावेत. त्याचा हेतू सुसंगत आहे का? आणि तो योग्य आहे का? हा फरक एका उदाहरणातून समजून घेऊ.

सी. एस. लुईस यांची 'द लास्ट बॅटल' ही इंग्रजी कादंबरी १९५६ मध्ये प्रसिद्ध झाली. नार्निया या कल्पित देशाच्या कथामालेतील हे सातवे आणि शेवटचे पुस्तक. त्यात शिफ्ट नावाच्या वानराला डोहात सिंहाचे कातडे दिसते. पझल नावाच्या भोळ्या गाढवावर ते चढवून, हाच नार्नियाचा दैवी सिंह अस्लन, असे तो भासवतो. या बनावट देवाला तो तबेल्यात दडवतो आणि रात्री शेकोटीच्या उजेडात थोडा वेळच दाखवतो.

पंचतंत्रातील वाघाचे कातडे पांघरलेले गाढव तुम्हांला आठवेल. ते ओरडले आणि सोंग उघडे पडले. शिफ्ट हा धोका टाळतो. त्याचा देव बोलत नाही आणि दिवसा दिसत नाही. देव मौनात राहिल्यामुळे त्याची आज्ञा सांगण्याचा अधिकार एकट्या वानराकडे येतो. त्या अधिकाराच्या बळावर तो प्राण्यांना कॅलॉर्मेन या परक्या साम्राज्यासाठी राबवतो. मजुरी देवाच्या खजिन्यात जमा होईल, असे त्यांना सांगतो. म्हणजे देवाला लपवण्यामागचा त्याचा हेतू पूर्णपणे सुसंगत आहे.

परंतु याच युक्तीत त्याचा विनाशही दडलेला आहे. जो देव दिसत नाही, त्याला पाहण्याची मागणी वाढतच जाते. पुढे गाढव तबेल्यातून नाहीसे होते, तेव्हा शिफ्टला नवे असत्य रचावे लागते. सिंहाचे कातडे पांघरून एक गाढव हिंडत आहे, अशी आवई तो स्वतःच उठवतो. फळांच्या आणि सत्तेच्या लोभाने निघालेला हा वानर अखेरीस परक्यांच्या हातचे बाहुले बनतो.

सर्वांत मोठी हानी मात्र इतरांची होते. फसवणूक कळल्यावर बहुतेक बुटके खऱ्या अस्लनवरही विश्वास ठेवायला तयार होत नाहीत. बनावट देव माणसाची श्रद्धा तर लुबाडतोच, शिवाय पुढे विश्वास ठेवण्याची त्याची शक्तीही हिरावून घेतो.

तात्पर्य, खलपात्राचा हेतू पटणे म्हणजे त्याचे समर्थन करणे नव्हे. हेतू पटतो, म्हणूनच त्याचे कपट आपल्याला ओळखता येते.

पाठगत प्रश्न
१. शिफ्टने गाढवाला तबेल्यात का दडवले? दोन कारणे लिहा.
२. 'हेतू सुसंगत असणे' आणि 'हेतू योग्य असणे' यांतील फरक तुमच्या वाचनातील एका पात्राच्या आधारे स्पष्ट करा.