धातूचे विरजण

मुलांनो, वेळापूर हे सोलापूर जिल्ह्यातील एक गाव. आषाढी वारीत ज्ञानेश्वर महाराजांची पालखी येथे मुक्काम करते. तेव्हा मोठमोठ्या पातेल्यांत वारकऱ्यांचा स्वयंपाक होतो. त्यांतली बरीच पातेली ॲल्युमिनियमची असतात. खेड्यात त्यांना 'जर्मनची भांडी' म्हणतात.

याच रस्त्यावर मोटारसायकली धावतात. त्यांच्या इंजिनातील दट्ट्या, म्हणजे पिस्टन, हाही ॲल्युमिनियमचाच असतो. पातेले पडले तर त्याला पोचा येतो. मग पिस्टन एवढी उष्णता आणि घर्षण कसे सोसतो?

शुद्ध ॲल्युमिनियम हलके, पण मऊ असते. त्यात दुसरे घटक मिसळले की मिश्रधातू बनतो. पिस्टनच्या धातूत शंभर भागांत साधारण १२ भाग सिलिकॉन असते. त्यामुळे तो कमी झिजतो आणि तापल्यावर कमी फुगतो.

पण सगळेच घटक सहज मिसळत नाहीत. ॲल्युमिनियम ६६० अंश सेल्सिअसला वितळते. टायटॅनियमला १६६८ अंश लागतात! उकळत्या कढीत कोरडे बेसन टाकले तर काय होते? गुठळ्या होतात. म्हणून बेसन आधी थोड्या पाण्यात कालवतात. कारखान्यातही तसेच करतात. थोड्या ॲल्युमिनियममध्ये दुसरा घटक आधीच भरपूर मिसळून ठेवतात. यालाच 'मास्टर अलॉय' म्हणतात.

अशा एका मास्टर अलॉयमध्ये शंभर भागांत ५ भाग टायटॅनियम, १ भाग बोरॉन आणि बाकी ॲल्युमिनियम असते. एक टन रसाला तो एक-दोन किलो पुरतो. जणू धातूचे विरजणच! रस थंड होताना त्यातील सूक्ष्म कणांभोवती धातूचे बारीक दाणे तयार होतात. दाणे बारीक असले की ओतीव वस्तूला तडे जाण्याचा धोका कमी होतो. गाडीच्या भागाला तडा गेला तर माणसाचा जीव धोक्यात येतो. विजेच्या तारांसाठी बोरॉनचा मास्टर अलॉय वापरतात. तो नको असलेले घटक वेगळे करतो. मग तारेतून वीज सहज वाहते.

जुने भांडे भंगारात गेले तरी वाया जात नाही. ते वितळवतात, रस तपासतात आणि कमी असलेला घटक त्यात घालतात. वारीत भात शिजवणारे पातेले उद्या इंजिनाचा भागही होऊ शकते!

शब्दार्थ
पोचा – आदळल्याने पडलेला खळगा
घर्षण – घासले जाणे
ओतीव – साच्यात ओतून केलेली

स्वाध्याय
१. पिस्टनच्या धातूत सिलिकॉन का मिसळतात?
२. मास्टर अलॉयला विरजण का म्हटले आहे?
३. तुमच्या घरातील ॲल्युमिनियमच्या पाच वस्तूंची नावे लिहा.