पडद्यावरचे बी आणि मातीतले बी

बिदर आणि कलबुर्गी या सीमावर्ती भागाला वर्गातील पडद्याचे नवल नाही. देशातील मोजक्याच शहरांत दूरचित्रवाणी दिसत होती, अशा काळात १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षभरात ‘साइट’ या नावाने ओळखला जाणारा उपग्रह शैक्षणिक दूरचित्रवाणी प्रयोग सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत पार पडला. कर्नाटकातून त्यासाठी निवडलेल्या जिल्ह्यांत तेव्हाचा गुलबर्गा, म्हणजेच आजचा कलबुर्गी, हा एक होता. अमेरिकेने एका वर्षासाठी दिलेला उपग्रह सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवरून चित्रे पाठवी आणि तारेच्या जाळीची दहा फुटी छत्री ती गावात उतरवून घेई.

सकाळी शाळेच्या वेळी दीड तास कार्यक्रम होत. हिंदी, कन्नड, उडिया आणि तेलुगू या चार भाषांत तो वेळ वाटला असल्याने एकेका भाषेच्या वाट्याला सुमारे २२ मिनिटे येत. त्या चारांत मराठी नव्हती. आळंद, भालकी, औराद, बसवकल्याण या तालुक्यांत घरी मराठी बोलणारी कुटुंबे किती आहेत, हे येथील वाचकांस सांगावयास नको.

या प्रयोगाचा सर्वांत मोलाचा भाग मात्र मुलांसाठी नव्हताच. तो गुरुजींसाठी होता. राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने ऑक्टोबर १९७५ मध्ये सुमारे २४,००० प्राथमिक शिक्षकांसाठी विज्ञान अध्यापनाचा बारा दिवसांचा वर्ग उपग्रहाद्वारे घेतला. त्यात केवळ पडद्याकडे पाहत बसावयाचे नव्हते. जोडीला आकाशवाणीचे कार्यक्रम होते, छापील मार्गदर्शिका होती आणि मुख्य म्हणजे शिक्षकांनी स्वहस्ते करावयाच्या कृती होत्या. दाखविणे, करविणे आणि त्यावर बोलणे ही सांगड तेव्हाच घातली गेली होती. पुढे यंत्रे बदलली, परंतु अनेक ठिकाणी पहिली गोष्ट तेवढी उरली व बाकीच्या दोन मागे पडल्या, असे खेदाने म्हणावे लागते.

त्या काळी कार्यक्रम थांबविता येत नसे. पाच वर्षांचे मूल आणि बारा वर्षांचे मूल एकाच चित्रासमोर बसे. आज चित्रफीत हवी तेथे थांबते, मागे नेता येते, तिचा आवाज बंद करता येतो. २०१७ मध्ये ‘दीक्षा’ हा राष्ट्रीय मंच सुरू झाल्यापासून पाठ्यपुस्तकातील क्यूआर संकेतावर मोबाईल धरला की पाठाशी निगडित साहित्य उघडते. शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत अशाच संकेतांचा उपयोग करणारे शिक्षक श्री. रणजितसिंह डिसले यांना २०२० चा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, हे सर्वश्रुत आहे.

या सोयींचा उपयोग कसा करावा, यासाठी एक साधा पाठ घेऊ. विषय ‘बीजाचे अंकुरण’. कलबुर्गी हे तुरीचे कोठार. तेव्हा तूरच घ्यावी. पाठाच्या आठ-दहा दिवस आधी मुलांकडून दोन डब्यांत माती भरवून एकात तुरीचे व दुसऱ्यात घेवड्याचे चार-चार दाणे पेरून घ्यावेत. रोज ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागेवरून एका मुलाने शाळेच्या मोबाईलवर दोन्ही डब्यांचे छायाचित्र घ्यावे. हाताची तारीख-पाटी शेजारी ठेवावी, म्हणजे पुढे घोटाळा होत नाही.

मग चित्रफीत लावावी. अंकुरणाच्या चित्रफितींत बहुधा घेवड्याच्या जातीचे बी असते. कोंब वाकून वर येतो व बीची दोन दले डोक्यावर घेऊन मातीबाहेर पडतो. येथेच चित्रफीत थांबवावी आणि विचारावे, “आपली तूरही अशीच येईल काय?” मुलांची उत्तरे फळ्यावर लिहावीत, बरोबर-चूक सांगू नये. नंतर मुलांनीच काढलेली छायाचित्रे क्रमाने दाखवावीत. घेवडा पडद्यावरच्यासारखाच वागतो. तुरीची दले मात्र मातीतच राहतात, वर येतो तो केवळ कोवळा शेंडा. खात्रीसाठी एक रोप हलकेच उपटून पाहावे. पडद्यावर दाखविले ते खोटे नव्हते, परंतु ते आपल्या शिवारातल्या प्रत्येक पिकाला लागू नव्हते, हे मुलाला स्वतःच्या डोळ्यांनी कळते. शेतकऱ्याच्या मुलाने पडद्याला निमूट मान डोलावण्याची सवय लावून घेतली, तर नुकसान त्याचेच आहे.

भाषेची अडचणही या पाठात कामी येते. चित्रफीत कन्नडमध्येच मिळाली, तर पहिल्या खेपेस आवाज बंद ठेवून शिक्षकांनी मराठीतून निवेदन करावे. दुसऱ्या खेपेस आवाज सुरू करून तूर म्हणजे तोगरी, मूळ म्हणजे बेरु, पान म्हणजे एले, ही शब्दांची जोडी मुलांना हेरू द्यावी. मराठी माध्यमाच्या मुलांना कन्नडही शिकावयाची असतेच. कन्नड शाळेतील मुलांबरोबर एखादा तास एकत्र घेता आला तर अधिकच उत्तम.

वीज व इंटरनेट यांचा भरवसा धरू नये. चित्रफीत आदल्या दिवशी उतरवून, संपूर्ण पाहून व थांबण्याच्या जागा वहीत टिपून ठेवावी. एका लहान मोबाईलभोवती चाळीस मुले बसविणे व्यर्थ होय. आठ-आठांचे गट करावेत, आणि एक गट चित्र पाहत असता उरलेल्यांनी डब्यातील रोपांची उंची मोजून वहीत मांडावी.