लाल दिव्यावर जाऊ नका

शेतीची थ्री फेज वीज रात्रीची, म्हणजे मोटर चालू करायला टॉर्च आलीच. आमची पिनवाली रात्रभर चार्जिंगला लावूनही बांधावर पोचेपर्यंत मंदावू लागली. दुकानदारानं ती हातात घेऊन हलवली आणि निकाल दिला, "बॅटरी गेली." मी म्हटलं, मीटर तरी लावा. "काका, आम्ही रोज हेच करतो." नवी 4 व्होल्टची टाकली, पैसे घेतले. ती भरलेलीच आली होती, तेवढी चालली. मग पुन्हा तेच. परत गेलो तर चारचौघांत म्हणतो, "तुम्ही नीट चार्ज करत नाही." अरे, लाल दिवा रात्रभर जळत होता!

शेवटी आयटीआय झालेल्या पुतण्यानं खोललं. विजेच्या वाटेवर चपटा कपॅसिटर असतो, वर 105 छापलेलं, म्हणजे 1 मायक्रोफॅरड. तो धड असला की 230 व्होल्टवर सत्तरेक मिलिअँपिअर येतात. आमचा भरला 0.2, म्हणजे पंधराही नाहीत. लाल दिव्याला तेवढे पुरतात, बॅटरीला नाही. चार्ज कोण करत नव्हतं, ते तेव्हा कळलं. काही रुपयांचा कपॅसिटर! आणि मी ऐकून घेतलं.

तर, बॅटरीचे व्होल्ट चार्जिंगआधी मोजा, काही तासांनी पिन काढून पुन्हा मोजा. जवळपास तेवढेच राहिले तर आधी चार्जिंगवर संशय घ्या. चढले, पण टॉर्च लावताच कोसळले, तर बॅटरीच गेली. पिन लावलेली असताना उघड्या टॉर्चला हात लावू नका. यात ट्रान्सफॉर्मर नसतो, बॅटरीच्या तारेलाही मेनचा झटका बसतो. कपॅसिटर बदलताना 105 आणि 400 व्होल्ट दोन्ही जुळवा. शिशाची बॅटरी उतरलेली ठेवू नका, मग ती खरंच मरते. टाइप-सी टॉर्च नव्या चार्जरवर भरत नसेल, तर मोठ्या यूएसबी तोंडाची जुनी केबल लावून बघा. स्वस्त टॉर्चमध्ये नव्या चार्जरला लागणारे दोन रेझिस्टर वाचवलेले असतात.

बिल घ्या, हे सगळेच सांगतात. मी सांगतो, काढलेली बॅटरीही मागून घ्या. माझी मागितली तर "भंगारात गेली." शिशाला भाव असतो, हे त्याला बरोबर ठाऊक होतं.