समुद्री गरुडाचा वृक्ष

समुद्रावर उपजीविका करणाऱ्या पक्ष्याचे भवितव्य कित्येकदा जमिनीवरील वृक्षांच्या हाती असते. उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील मार्बल्ड मरलेट हा सागरी पक्षी कोठे घरटे करतो, हे तेथील अभ्यासकांना दीर्घकाळ उमगले नव्हते. १९७४ मध्ये कॅलिफोर्नियातील जुन्या अरण्यात, सुमारे ४५ मीटर उंचीच्या फांदीवर, त्याचे पिल्लू आढळले. अरण्यतोडीचा या पक्ष्यावर होणारा परिणाम त्यानंतर स्पष्ट होत गेला.

रायगड किनाऱ्यावर हाच धडा पांढऱ्या पोटाचा समुद्री गरुड देतो. मासे व समुद्रसर्प हे त्याचे भक्ष्य. घरटे मात्र किनाऱ्यालगतच्या उंच वृक्षावर. मादी बहुधा दोन अंडी घालते. ती उबण्यास सुमारे सहा आठवडे लागतात आणि पिल्लू उडू लागेपर्यंत आणखी दहा-अकरा आठवडे जातात. काटक्यांचे तेच घरटे डागडुजी करून वर्षानुवर्षे वापरले जाते. त्यामुळे एक वृक्ष पडला, तरी जोडीचे अनेक वर्षांचे वसतिस्थान नाहीसे होते.

जागतिक पातळीवर हा पक्षी संकटग्रस्त गणला जात नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये त्याला संरक्षण आहे. आंब्यासारखा वृक्ष तोडण्यास १९६४ च्या वृक्षतोड अधिनियमानुसार परवानगीही लागते. तथापि घरट्याची नोंदच नसेल, तर परवानगी देणाऱ्यास ते कळावे कसे? ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळाने या जिल्ह्यातील असंख्य वृक्ष उन्मळून पाडले. ज्या घरट्यांची नोंद नव्हती, त्यांची हानी मोजता येणे शक्य नव्हते.

चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ या संस्थेने १९९० च्या दशकात कोकण किनाऱ्यावरील अशा घरट्यांची पाहणी केली होती. हे काम गावोगावच्या शाळा व ग्रामपंचायतींनाही करता येण्याजोगे आहे. वृक्षाची जात, उंची, छातीच्या उंचीवरील घेर, घरट्याची उंची, समुद्रापासूनचे अंतर व जमिनीची मालकी यांची नोंद घ्यावी. झाडाखाली पडलेले माशांचे काटे व पांढरी विष्ठा यांवरून घरटे वापरात असल्याचे अनुमान करता येते. ऑक्टोबरपासून विणीच्या काळात निरीक्षण दुर्बिणीतून, दुरूनच करावे. झाडावर चढू नये.

अशी वही गावात असेल, तर जुना वृक्ष राखता येईल आणि त्याच्या शेजारी उद्याचा वृक्ष वेळीच लावता येईल.